१७१, ३९९४, १५४३०३: ट्रान्झिटिव्ह संबंधांची मोजणी हाताने जमली!

चार घटकांवरच्या ट्रान्झिटिव्ह संबंधांचा आकडा, ३९९४, कागदावर मिळाला, प्रोग्राम न लावता. (संबंध म्हणजे घटकांच्या क्रमवार जोड्यांचा कोणताही संच; अ→ब आणि ब→क असलं की अ→क असतंच, तर तो ट्रान्झिटिव्ह.) गेल्या नोंदीत हा आकडा मी नुसता लिहून ठेवला होता, कारण तो पायथनने मोजून दिला होता आणि तो तेवढाच का, हे सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं, आणि ते लिहायला हात शिवशिवताहेत.

तक्ता नेहमीचाच. ओळ म्हणजे जोडीतला पहिला घटक, स्तंभ म्हणजे दुसरा. जोडी संबंधात असेल तर घरात फुली. चार घटकांना १६ घरं, म्हणून एकूण संबंध २ चा १६वा घात, म्हणजे ६५,५३६. रिफ्लेक्सिव्ह (प्रत्येक घटक स्वतःशी जोडलेला) ४०९६, सिमेट्रिक (अ→ब असेल तर ब→अ सुद्धा) १०२४, ॲन्टिसिमेट्रिक (दोन वेगळ्या घटकांत दोन्ही दिशा एकदम नाहीत) ११,६६४ हे सगळं मागेच झालंय. ते तिन्ही सरळ गुणाकाराने सुटतात, कारण तिथे प्रत्येक घर, किंवा कर्णापलीकडच्या (कर्ण म्हणजे (अ, अ), (ब, ब) अशी घरं) समोरासमोरच्या घरांची प्रत्येक जोडी, बाकीच्यांपासून मोकळी असते. एका ठिकाणी काय भरलं याचं दुसऱ्या ठिकाणी बंधन नाही.

ट्रान्झिटिव्हमध्ये नेमकं हेच मोडतं. तीन घटकांचा कोरा तक्ता घ्या आणि (अ, ब) वर फुली मारा. काही बिघडत नाही. मग (ब, क) वर मारली की (अ, क) वरही मारावीच लागते. आता (क, अ) वर एक फुली मारून बघा. क कडून अ, अ कडून ब, म्हणून (क, ब) भरलं. ब कडून क, क कडून अ, म्हणून (ब, अ) भरलं. मग कर्णावरची तिन्ही घरं भरली. आपल्या हाताने मारलेल्या फुल्या तीन आणि तक्ता नऊच्या नऊ घरं भरून बसलेला. अशा ठिकाणी गुणाकार कसा लावणार? फुल्यांच्या संख्येनुसार गट पाडून मोजणं तीन घटकांना कसंबसं तग धरतं, चार घटकांना नुसते पोटप्रकार वाढत जातात आणि त्यातून काही समजतही नाही.

वाट सापडली ती १७१ मध्ये, म्हणजे तीन घटकांच्या आकड्यात. ५१२ संबंधांपैकी हे १७१ ट्रान्झिटिव्ह. त्यातले ज्यांच्यात एकही दुतर्फा जोडी नाही (म्हणजे अ→ब आणि ब→अ दोन्ही एकदम कुठेच नाहीत) ते आधी बाजूला काढले. त्यांच्यात कर्णावरच्या फुल्या पूर्ण मोकळ्या असतात. ठेवा किंवा पुसा, ट्रान्झिटिव्हपणाला धक्का लागत नाही. कर्ण सोडून जे उरतं ती अंशतः क्रमाची रचना (काही घटकांत आधी-नंतर ठरलेलं, काहींत काहीच नाही). तीन घटकांवर अशा रचना १९, कर्णाचे पर्याय ८. १९ × ८ = १५२.

१७१ मधून १५२ गेले, उरले १९. आता दुतर्फा जोडी असलेले. अ→ब आणि ब→अ असेल तर (अ, अ) आणि (ब, ब) भरलेच पाहिजेत. पण खरी गंमत पुढे आहे. अ ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे ब ला जावंच लागतं, आणि उलटही. तक्त्यात बघा, अ ची ओळ आणि ब ची ओळ हुबेहूब सारखी होते, स्तंभही सारखे होतात. म्हणजे हे दोन घटक वेगळे मोजायचं कारणच नाही. त्यांचा एक गठ्ठा करायचा आणि तो गठ्ठा म्हणजे एकच घटक धरायचा! गठ्ठ्याचा कर्ण ठरलेला, एकट्या घटकाचा कर्ण मोकळा.

मग क एकटा उरतो. गठ्ठा आणि क यांच्यात ३ क्रम (काही नाही, इकडून तिकडे, तिकडून इकडे), क च्या कर्णाला २ पर्याय, म्हणजे ६. गठ्ठा करायची जोडी ३ प्रकारे निवडता येते, म्हणून १८. आणि तिघांचाच एक गठ्ठा असेल तर १. बरोबर १९.

हीच युक्ती चार घटकांना. गठ्ठा नाही: २१९ क्रम × १६ = ३५०४. एक जोडी आणि दोन एकटे: ६ × १९ × ४ = ४५६. दोन जोड्या: ३ × ३ = ९. तिघांचा गठ्ठा आणि एक एकटा: ४ × ३ × २ = २४. चौघांचा एकच: १. बेरीज ३९९४. बेरीज जुळली तेव्हा कागद उलटा ठेवून पुन्हा पहिल्यापासून केली, फक्त त्या आनंदासाठी.

पाच घटकांना ४२३१ × ३२ = १,३५,३९२, त्यात १७,५२०, ७६०, ५७०, ३०, ३० आणि १. एकूण १,५४,३०३. मधले आकडे मुद्दाम फोडून दाखवत नाही, गठ्ठे पाडून स्वतः काढा, १५ मिनिटांचं काम आहे आणि मजा येते.

यातून एक गोष्ट लख्ख दिसते. गठ्ठे पाडणं सोपं आहे, ते सममूल्य संबंधांचंच (रिफ्लेक्सिव्ह, सिमेट्रिक, ट्रान्झिटिव्ह तिन्ही असलेल्यांचं) काम (१, २, ५, १५, ५२, म्हणजे गठ्ठे पाडायचे प्रकार मोजणाऱ्या बेलच्या संख्या). अवघड सगळं १, ३, १९, २१९, ४२३१ या क्रमांच्या मोजणीत जाऊन बसलंय. तिथे बंदिस्त सूत्र (संख्या घातली की थेट उत्तर देणारं) आजवर कोणालाही मिळालेलं नाही. १८ घटकांपर्यंतचे आकडे माहीत आहेत, तेही संगणकाने काढलेले. म्हणजे अडचण नाहीशी झाली नाही, पण ती नेमकी कुठे आहे हे आता बोट ठेवून दाखवता येतं.

साधनांबद्दल थोडं. मिलिमीटरचा आलेख कागद या कामाला निरुपयोगी आहे, डोळे दुखतात. मोठ्या चौकटींची वही घ्या आणि कर्णासाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. एखादा तक्ता तपासायचा असेल तर स्प्रेडशीट उत्तम. फुलीच्या जागी १, रिकाम्या जागी ० भरा, तक्त्याचा स्वतःशीच मॅट्रिक्स गुणाकार (एमएमयूएलटी) करा. गुणाकारात जिथे शून्याहून मोठा आकडा आला तिथे मूळ तक्त्यात १ नसेल, तर संबंध ट्रान्झिटिव्ह नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगने ती घरं लाल केली की चूक लगेच दिसते. पायथनने सगळे संबंध एकेक करून तपासणं चार घटकांपर्यंत चुटकीसरशी होतं. पाचला ३ कोटी ३५ लाखांच्या वर संबंध आहेत, तिथे वाट बघावी लागते. सहाला ६,८७१ कोटींच्या वर जातात, तो नाद सोडा. ओईआयएस या संख्यामालिकांच्या ऑनलाइन कोशात ट्रान्झिटिव्ह संबंधांची ही मालिका ए००६९०५ या क्रमांकाखाली आहे. तो कोश मला फार प्रिय आहे, पण माझं आग्रहाचं सांगणं, स्वतःचं उत्तर आल्यावरच तो उघडा.

खरं तर या नोंदीत फंक्शनं सुरू करायची होती. प्रत्येक ओळीत नेमकी एकच फुली, ती फंक्शन. तीन घटकांवर ५१२ पैकी फक्त २७, चारवर २५६. एकास-एक (प्रत्येक स्तंभात फार तर एक फुली) आणि आच्छादक (प्रत्येक स्तंभात निदान एक) मोजून पुढे जाणार होतो. पण वरचं लिहिता लिहिता डोक्यात आलं की फंक्शन हाही संबंधच आहे, मग त्याला ही तीन विशेषणं लावली तर?

रिफ्लेक्सिव्ह: ओळीतली एकमेव फुली कर्णावरच हवी, म्हणून फक्त तादात्म्य फंक्शन. सिमेट्रिक: फ(अ) म्हणजे अ ज्याच्याकडे जातो तो, तर फ(फ(अ)) = अ, म्हणजे दोनदा लावलं की जिथे होतो तिथे परत. तीन घटकांवर अशी ४, चारवर १०. वास्तव संख्यांवर चिन्ह बदलणं हे याचं उदाहरण. आणि ट्रान्झिटिव्ह? अ→फ(अ) आणि फ(अ)→फ(फ(अ)), म्हणून अ→फ(फ(अ)) हवं. पण अ च्या ओळीत फुली एकच! म्हणून फ(फ(अ)) = फ(अ). दुसऱ्यांदा लावून काहीच बदलत नाही. केवलमूल्य असंच आहे, म्हणून ते ट्रान्झिटिव्ह. वर्ग मात्र नाही, कारण २→४ आणि ४→१६ आहे, पण २→१६ नाही.

आणि हे मोजणं किती सोपं! जागेवर राहणारे घटक निवडा, बाकीचे प्रत्येकी त्यांच्यापैकी कोणाकडेही पाठवा. चार घटकांना ४ + २४ + १२ + १ = ४१. तीनला १०, पाचला १९६. ज्या अटीने सगळ्या संबंधांमध्ये इतकं छळलं, ती फंक्शनांमध्ये एका ओळीत सुटते. हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

तेव्हा बेत बदललाय. आच्छादक फंक्शनं थांबतील. आधी ४२३१ हाताने काढायचा आहे. नावं न घालता पाच घटकांच्या क्रमांचे आकार ६३ आहेत (चारला १६, तीनला ५). प्रत्येक आकाराची आकृती काढायची, ती स्वतःवरच किती प्रकारे बसते ते मोजायचं, १२० ला त्या संख्येने भागायचं आणि ६३ भागाकारांची बेरीज करायची. तीन घटकांना हेच ६ ला भागून केलं तर १ + ६ + ३ + ३ + ६ = १९ येतात, म्हणजे पद्धत चालते. चारच्या १६ आकृत्या वहीत काढून झाल्या आहेत, पाचच्या सुरू आहेत. कोणी आधीच काढल्या असतील तर आकृत्या पाठवू नका, फक्त एवढं सांगा की सुटे तुकडे असलेले आकार तुम्ही आधी घेतले की शेवटी.