बाबा आणि जेम्सटाउनचा किल्ला

आज अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जेम्सटाउनला, म्हणजे इंग्रजांच्या तिथल्या पहिल्या टिकलेल्या वसाहतीच्या जागी, जाऊन आलो. ऊन आणि डास यांबद्दल न बोललेलं बरं.

1607 मध्ये शंभरावर इंग्रज पुरुष आणि पोरं इथे नदीकाठी उतरली आणि त्यांनी लाकडी तटाचा त्रिकोणी किल्ला बांधला. तो नदीत वाहून गेला असं सगळे धरून चालले होते. 1994 पासूनच्या उत्खननात त्याच्या खुणा सापडल्या. सह्याद्रीतले गड पालथे घातलेले आमचे बाबा आत शिरले, गोल फिरले आणि म्हणाले, “एवढाच?”

संग्रहालयात मात्र सगळेच गप्प झालो. 1609-10 च्या हिवाळ्यात इथे इतका दुष्काळ पडला की लोकांनी घोडे, कुत्री, उंदीर खाल्ले. आणि माणसंही. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवर सुऱ्याचे घाव आहेत. संशोधकांनी तिला ‘जेन’ नाव दिलंय. माझी लेक तेरावं संपवतेय. ती तिथून हलेचना.

मला सर टॉमस स्मिथ हे नाव खटकलं. जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा हा खजिनदार, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नरही हाच! 1608 मध्ये सुरतेला लागलेलं ‘हेक्टर’ जहाज त्याच दुसऱ्या कंपनीचं. लंडनमधला एकच शेठ दोन्हीकडे हात मारत होता म्हणायचा.

1619 च्या उन्हाळ्यात इथल्या चर्चमध्ये पहिली प्रतिनिधी सभा भरली. त्याच उन्हाळ्यात जवळच्या पॉइंट कम्फर्टला पळवून आणलेली आफ्रिकी माणसं शिध्याच्या बदल्यात विकली गेली. आईचा तिथला एकच प्रश्न: “त्यांची नावं कुठे लिहिलीत?”

उद्या विल्यम्सबर्ग. बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, तिथे तरी चढ आहे का.