ब्रनोमध्ये भेटलेले रवींद्रनाथ

प्रागबद्दल मी काही लिहिणार नाहीये, सगळ्यांनी लिहिलंय, पूल, घड्याळ, गर्दी, सेल्फी स्टिक, झालं. भाचा चेक देशातल्याच ब्रनो शहरात आयटीत आहे म्हणून ट्रेनने अडीच-तीन तासांत तिकडे गेले आणि पहिल्यांदा वाटलं की हां, आता सुट्टी सुरू झाली. शांत गाव, ट्रामला तिथले लोक शालिना म्हणतात, आणि कुणी कुणाला ढकलत नाही.

भाच्याने न विचारताच तिकिटं काढून ठेवली होती. "मावशी, तुला गाणं आवडतं ना, मग चल, यानाचेकचा कार्यक्रम आहे, डान्स पण आहे आणि कविता पण." मला चेक संगीतातलं ड्वोरझाक हे एकच नाव माहीत. लेओश यानाचेक हा संगीतकार म्हणजे ब्रनोचा घरचा माणूस. जन्म १८५४ चा, हुकवाल्दी नावाच्या खेड्यातला, पण आयुष्य गेलं ब्रनोत, इथेच त्याने ऑर्गन शिकवायची शाळा काढली. आणि त्याला एक विचित्र नाद होता. रस्त्यात, बाजारात, स्टेशनवर लोक बोलायला लागले की त्यांच्या बोलण्यातले चढउतार हा खिशातल्या वहीत सुरांमध्ये लिहून घ्यायचा. भाजीवाली काय म्हणाली हे नाही, कुठल्या सुरात म्हणाली ते!

हॉल छोटाच होता, खुर्च्या लाकडी आणि कमरेच्या वैरी. आत जायच्या आधी कोट काढून काउंटरवर जमा करा, त्याचे वेगळे पैसे द्या, बिल्ला सांभाळा. आमच्याकडे नाट्यगृहात लोक वडापाव घेऊन आत येतात ते बरं वाटायला लागलं.

पहिल्यांदा लाश्स्के तान्त्से, म्हणजे त्याच्या हुकवाल्दीकडच्या भागातले नाच, एकूण सहा. भरतकामाचे पोलके आणि बूट घालून पोरं-पोरी नाचत होती, कुणीच सडपातळ वगैरे नव्हतं, एक काका तर चांगलेच पोट सुटलेले, पण गिरकी अशी घेतली की मी शिट्टी मारायचीच बाकी होते. शेवटच्या नाचाचं नाव पिल्की, म्हणजे करवत, थंडीसाठी लाकडं कापून ठेवायचे त्या कामाचा नाच. माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, त्या पूर्ण वेळ बुटाने ताल धरून होत्या आणि मध्येच माझ्या हातात एक पेपरमिंटची गोळी ठेवली, ओळख ना पाळख.

मध्ये एक बाई येऊन चेकमध्ये कविता वाचायच्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, कार्यक्रमपत्रिका पण सगळी चेकमध्ये, परदेशी माणूस येईल असं कुणाच्या मनातच आलं नसावं. कविता संपली, काळ्या कपड्यातले वीस-पंचवीस पुरुष येऊन उभे राहिले आणि भाचा पत्रिकेवर फोन धरून भाषांतर करता करता एकदम माझ्या कानात म्हणाला, "मावशी, हे टागोरांचं आहे." पत्रिकेत रबींद्रनाथ ठाकूर असं सरळ छापलं होतं आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रागच्या देयवित्से भागात ठाकूरांच्या नावाचा रस्ता पण आहे म्हणे.

झालं होतं असं, १९२१ मध्ये रवींद्रनाथ प्रागला आले, तेव्हा सत्तरीकडे झुकलेला यानाचेक त्यांना ऐकायला गेला, आणि तिथेही वही काढून त्यांच्या बोलण्याचे सूर टिपत बसला, नंतर ब्रनोच्या पेपरात त्यावर लेखही लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांच्या कवितेवर हे पुरुषांच्या आवाजातलं समूहगान बांधलं. धुळीने माखलेल्या जटांचा वेडा परीस शोधत समुद्रकाठी फिरतोय, एक खेड्यातला पोरगा विचारतो की कमरेची साखळी सोन्याची कुठून आली रे, आणि वेड्याला कळतं की लोखंडाची साखळी सोन्याची झालीये पण कधी ते माहीत नाही, कारण दगड उचलायचा, साखळीला लावायचा, न बघता फेकायचा ही सवयच लागलेली.

मला वाटलं आता काहीतरी रवींद्रसंगीतासारखं संथ येईल. कसलं काय! आवाज एकमेकांवर आदळत होते, धाप लागल्यासारखे, मध्येच एका बाईचा आवाज वरून कापत यायचा आणि परत सगळे पुरुष अंगावर धावून आल्यासारखे. आधी रागच आला, आपल्या कवितेचं हे काय केलंय म्हणून. मग वाटलं की वेडाच तर आहे तो, वेडा माणूस काय मींड घेत रडणार आहे? मान्य आहे, मी चेक न कळता ऐकत होते, पण तो दगड फेकून देतो ती जागा मला कळली. निदान मला तसं वाटलं. डोळे पुसायला रुमाल काढला तर आजीबाईंनी दुसरी गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी यानाचेकचं घर बघायला गेलो, त्याच ऑर्गन शाळेच्या बागेतलं, १९१० पासून शेवटपर्यंत तो तिथे राहिला. घर छान आहे, पियानो आहे, पण माझं मन लागेना. आदल्या रात्री वाचत बसले होते. त्याची मुलगी ओल्गा विसाव्या वर्षी गेली, १९०३ साली, आणि ती शेवटच्या घटका मोजत असताना या माणसाने तिचं बोलणंसुद्धा, तिचे उसासेसुद्धा सुरांमध्ये लिहून घेतले. मुलगा तर दोन वर्षांचा असतानाच गेला होता. 'येनूफा' हा त्याचा ऑपेरा त्याने ओल्गालाच वाहिला, सगळं खरं, पण पोरगी मरतेय आणि तू वही काढतोस?

भाचा म्हणाला, "अगं, त्याला दुसरं काही येतच नसेल." मी म्हटलं, हात धरून बसायला काय ऑर्गन शाळेत जावं लागतं? यावरून शालिना येईपर्यंत आमचं भांडण चाललं, आणि अजूनही फोनवर तो विषय निघाला की अर्धा तास जातो.