एकशे एकविसावा पराभव

शिकागो, 27 सप्टेंबर 2024, रात्री

आज डेट्रॉइटमध्ये आमच्या शिकागोचा बेसबॉल संघ व्हाइट सॉक्स 4-1 असा हरला आणि या हंगामातील त्यांच्या पराभवांची संख्या 121 झाली. 1962 साली न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर लागलेला, 1900 नंतरच्या काळातील सर्वाधिक 120 पराभवांचा नकोसा विक्रम बासष्ट वर्षे टिकला होता. तो मोडला तेव्हा मी शेजारच्या आजोबांकडे दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो.

आजोबा शहराच्या दक्षिण भागातच जन्मले, वाढले. प्रत्येक सामना ते वहीत पेन्सिलीने टिपतात. फलंदाज बॅट फिरवून चुकला आणि बाद झाला, तर ‘के’ लिहायचा. बॅट खांद्यावर ठेवून नुसताच पाहत राहिला आणि बाद झाला, तर तोच ‘के’ उलटा काढायचा. यंदाची वही चाळताना हे उलटे ‘के’ सारखे डोळ्यांत भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये संघ सलग 21 सामने हरला, तेव्हा काय बोलावे हे न सुचून मी त्यांच्याकडे जाणेच टाळू लागलो होतो, शेवटी एका सकाळी कुंपणापलीकडून त्यांनीच विचारले, “आमच्याकडे कोणी गेलंय का?”

या मंगळवारी आम्ही मैदानावर गेलो होतो. पराभव 120 झालेले असल्यामुळे विक्रमी पराभव आपल्या डोळ्यांदेखत व्हावा, एवढ्याचसाठी पुष्कळ लोक आलेले दिसत होते, आणि मालकांनी संघ विकून टाकावा अशा घोषणा अधूनमधून उठत होत्या. त्या घोषणांत मला काही गैर वाटले नाही, कारण तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला तेवढे म्हणण्याचा हक्क आहेच. पण आपल्याच संघाच्या पडझडीची वाट पाहत बसणे मला रुचले नाही. खरे सांगायचे तर, नऊपैकी आठव्या डावापर्यंत मीही तेच करत होतो. सॉक्स 2-0 असे मागे होते आणि सातव्या डावाअखेर मागे पडल्यावर या हंगामात त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. आजोबांनी मक्याच्या दाण्यांचा पेला माझ्या हातात दिला (लिंबू, तिखट आणि वर चीज, चीज वगळले तर थेट आपल्या चौपाटीवरची चव) आणि पेन्सिलीचे टोक नखाने तपासले. त्याच डावात सॉक्सने तीन धावा केल्या आणि सामना 3-2 असा जिंकला. आजूबाजूला काही जण खरोखरच हिरमुसले होते. आजोबांनी लिंबाचे बोट पँटला पुसून धावा नोंदवल्या, बस्स. बुधवार आणि गुरुवारचे सामनेही सॉक्सनेच जिंकले, त्यामुळे घरच्या मैदानावर विक्रम होण्याची नामुष्की टळली.

1974 साली लॉर्ड्सवर भारताचा डाव 42 धावांत आटोपला, तेव्हा बाबांनी शेवटचा गडी पडेपर्यंत रेडिओ बंद केला नव्हता, असे आई सांगत असे. लहानपणी मला तो हट्टीपणा वाटे.

शहरातल्या दुसऱ्या संघाच्या, कब्सच्या, विजेतेपदासाठीच्या 108 वर्षांच्या प्रतीक्षेची गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. व्हाइट सॉक्सने 2005 मध्ये 88 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तेच विजेतेपद, जिंकली, हे मात्र याच शहरात पुन्हापुन्हा सांगावे लागते. आजोबांना त्याचा राग आहे, आणि तो रास्त आहे. 2005 ची वही मात्र त्यांनी वेगळी काढून ठेवलेली नाही. ती 2004 आणि 2006 च्या मधोमध, इतर वह्यांसारखीच मळकी आहे.

आज शेवटचा फलंदाज बाद झाला आणि पडद्यावर डेट्रॉइटचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले, कारण या विजयाने ते 2014 नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचले होते. आजोबांनी आवाज कमी केला, पण चित्र चालू ठेवले. मग धावांची बेरीज दोनदा तपासून त्यांनी पान उलटले. पुढच्या दोन कोऱ्या पानांवर हंगामातल्या शेवटच्या दोन सामन्यांचे 161 आणि 162 हे आकडे आहेत. ते त्यांनी मार्चमध्येच घालून ठेवले होते.