पिवळा दिवा लागला आणि मी गाडी बंद केली

आमचे अण्णा मार्केट यार्डात मॅटाडोर चालवायचे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची गाडी, डॅशबोर्डवर मोजून तीन-चार दिवे. त्यातला तेलाच्या झारीचा लाल दिवा १९८९ साली खंबाटकीच्या चढात लागला. मागे बटाट्याच्या गोणी होत्या. घाट चढून गेलं की बघू, म्हणून अण्णांनी गाडी तशीच ओढली. वर पोचायच्या आत इंजिन जाम. बेअरिंग गेली, क्रँकवर ओरखडे. पुढचे तीन महिने अण्णा दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने जात होते.

तेव्हापासून घरात एकच नियम, दिवा लागला की चावी बंद. मला गाडी शिकवताना अण्णांनी क्लचच्या आधी हे शिकवलं. तो नियम मी इतकी वर्षं पाळला आणि गेल्या पावसाळ्यात त्याच नियमापायी माझी गाडी धोक्यात आली. पुण्यात डबे पोचवणाऱ्या, स्कूल व्हॅन चालवणाऱ्या, केटरिंगचं सामान वाहणाऱ्या कितीतरी जणी आता स्वतः डिझेल व्हॅन चालवतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

माझा धंदा डब्यांचा. धायरीहून सकाळी साडेदहाला निघायचं, सिंहगड रोडने राजाराम पूल, तिथून स्वारगेट, शिवाजीनगर. जेमतेम दहा-बारा किलोमीटर, पण तासभर लागतो. पहिला-दुसरा गिअर, सिग्नलला उभं, डबे उतरवायला इंजिन बंद, परत चालू. गाडी बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांप्रमाणे बनलेली, सेकंडहँड घेतलेली.

जूनमध्ये राजाराम पुलाजवळ एक नवाच पिवळा दिवा लागला. चौकोनी डबा, आत ठिपके, दोन्ही बाजूंना नळी. मी लगेच गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली, दहा मिनिटं थांबले. परत सेल्फ मारला, दिवा होताच. गाडी मात्र छान चालत होती. मग रोज तेच चालू झालं. दिवा दिसला की थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं आणि जमेल तितकं हळू घरी यायचं. असे तीन आठवडे काढले. एक दिवस म्हात्रे पुलावर गाडीचा पिकअपच गेला. पाय पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकेना, शेजारी इंजिनच्या चित्राचा दिवाही लागलेला, आणि मागे शंभरावर डबे. त्या दिवशी लोकांना दोन वाजता जेवण मिळालं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वडगावच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. आधी त्यांनी ऑइलची पट्टी काढली, फडक्याने पुसली, परत बुडवून काढली आणि माझ्या नाकाजवळ धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, मी तर ऑइल टाकलंच नाही. वाढलं कसं?" ते म्हणाले, "ताई, तुम्ही भात लावता. वाफ धरायला लागली की रोज कुणी येऊन गॅस बंद केला तर काय होईल? तुम्ही गाडीचं तेच केलंय."

मग त्यांनी समजावलं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ लागू झालं, तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी आली. धुरातली काजळी ती अडवते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, त्याने जाळीतली उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून जाते. गॅरेजवाले याला रिजन म्हणतात. पण त्यासाठी इंजिन तापलेलं हवं आणि गाडी सलग पळायला हवी. सिंहगड रोडच्या गर्दीत ते होत नाही, म्हणूनच जाळी भरल्याचा तो पिवळा दिवा लागला होता. अर्धवट झालेल्या प्रत्येक रिजनमध्ये ते जास्तीचं डिझेल थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. माझ्या पट्टीवर वाढलं होतं ते हेच. ऑइल पातळ झालं की ते इंजिनाला सांभाळत नाही. म्हणजे अण्णांच्या मॅटाडोरचं जे झालं, त्याच दिशेने मी माझी गाडी नेत होते, तीही काळजी घेते आहे असं समजून.

हे कळलं तेव्हा मी त्यांच्या स्टुलावर बसून राहिले. तेलाचा लाल दिवा थांब म्हणतो. हा पिवळा अगदी उलटं सांगतो, की थांबू नकोस, मला मोकळ्या रस्त्यावर ने. मी दोघांना एकच उत्तर देत होते.

मिस्त्रींनी स्कॅनरवरून जबरदस्तीचं रिजन केलं. गाडी गॅरेजबाहेर मोकळ्या जागेत उभी, इंजिन आपोआप रेस झालेलं, पंखा घोंघावतोय, सायलेन्सरच्या तोंडाशी हवा उन्हाळ्यातल्या डांबरासारखी थरथरतेय. त्यांनी आधी आजूबाजूचा पालापाचोळा झाडून घेतला होता. अर्धा-पाऊण तास गेला. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलले. अशा गाडीला कमी राखेचं ऑइलच लागतं, आणि त्याचं कारण चूल पेटवलेल्या कुणालाही कळेल. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ऑइलमधली राख जाळीत साठत जाते आणि ती कुठल्याच रिजनने निघत नाही.

रिजन करून घेण्याआधी मी दुसऱ्या एका गॅरेजात विचारलं होतं. तिथे सांगितलं, जाळी काढून टाकू, सॉफ्टवेअर मारू, दिवा कायमचा बंद. पैसेही नव्या जाळीपेक्षा खूपच कमी. ते बेकायदेशीर आहे, पण मला त्याहून वेगळीच गोष्ट आठवली. मी डबे उतरवते तिथे दोन शाळा आहेत. माझ्या गाडीचा सायलेन्सर त्या पोरांच्या तोंडाच्या उंचीवर असतो. मी नाही म्हटलं.

आता बाकीच्या दिव्यांचं. चावी फिरवली की सगळे दिवे एकदम लागतात, ती गाडीची हजेरी असते. इंजिन चालू झालं की ते विझायला हवेत. ऑइलचा दिवा चावी फिरवल्यावरही लागला नाही तर ते जास्त वाईट, कारण गरज पडेल तेव्हाही तो लागणार नाही. रोज सकाळी दोन सेकंद तिकडे बघाच.

तेलाच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर अण्णांचा नियम आजही तसाच्या तसा. गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि चावी बंद. तो ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. दाब नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं. पट्टीवर ऑइल पुरेसं दिसलं म्हणून परत चालू करू नका, पंप गेलेला असू शकतो. टोइंगवाल्याला बोलवा. टेंपरेचरचा लाल दिवा असेल तरी थांबायचंच, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. बॅटरीचा लाल दिवा लागला की बॅटरीआधी पट्टा बघायला लावा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पट्ट्यावर चालतो, आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. तो तुटला असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापेल. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण सोडूनही राहिला तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. तशी गाडी चालवू नका, आणि कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरायचं तर मनातही आणू नका.

स्प्रिंगसारखा पिवळा दिवा म्हणजे हीटर प्लग, थंड इंजिन चालू करण्याआधी आतून तापवणारा. डिसेंबरात पहाटे पाचला धायरीत चांगलीच थंडी असते. तो विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. चालताना तोच लुकलुकायला लागला तर इंजिनात काही बिघाड आहे, स्कॅन करून घ्या.

पाण्याच्या थेंबाचा दिवा मला ऑगस्टमध्ये भेटला. डिझेलमध्ये पाणी. मिस्त्रींनी डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत धार धरली. दोन मिनिटांत बरणीत खाली स्वच्छ पाणी, वर पिवळसर डिझेल, मधे पट्टीने आखावी तशी रेघ. ते पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं असतं तर खर्च कितीतरी पटीने वाढला असता. या दिव्याला उद्यावर ढकलू नका.

माझा भाऊ हिंजवडीला कंपनीची माणसं नेतो. त्याच्या मोठ्या गाडीला धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आहे, निळ्या झाकणाची. त्याचा दिवा आणि उरलेले किलोमीटर आधीच दिसायला लागतात. ती टाकी कोरडी पडल्यावर गाडी बंद केली तर परत चालू होत नाही, म्हणून तो एक कॅन कायम मागे ठेवतो. माझ्या गाडीला ते नाही. प्रत्येक गाडीचे दिवे थोडे वेगळे असतात, तेव्हा गाडीबरोबर आलेली पुस्तिका माळ्यावर टाकू नका. माझ्या लेकाने त्यातली चित्रं मराठीत समजावून कागदावर लिहून दिली. तो कागद मी सनवायझरच्या मागे लावलाय.

डब्यांना लागणारा इंद्रायणी तांदूळ मी आधी दुकानातून आणायचे. आता दर दुसऱ्या रविवारी भोरजवळच्या शेतकऱ्याकडे स्वतः जाते. निघताना टाकीत डिझेल अर्ध्याच्या वर ठेवते, कारण डिझेल फार कमी असेल तर बहुतेक गाड्या रिजन चालूच करत नाहीत. नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, मग कापूरहोळपर्यंत एक गिअर खाली ठेवून साठच्या वेगाने सलग. मागच्या खेपेला निघतानाच दिवा लागला होता. टोल ओलांडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो विझला.

भोरच्या वाटेला मात्र तो परत लागला. शेतकऱ्याच्या अंगणात पोचले तेव्हा विझला होता, पण इंजिन अजून चढ्या आवाजात चालत होतं आणि गरम धातूचा वास येत होता. मी गवत सोडून फरशीवर गाडी उभी केली. मामा गोणी खांद्यावर घेऊन बाहेर आले. "बंद करा की आता, ताई." मी हात वर करून थांबा म्हटलं. ते गोणी ठेवून पायरीवर बसले. पाच-सहा मिनिटांनी आवाज खाली आला, पंखा थांबला. मग मी चावी काढली.