अथेन्सची ईश्वरचिठ्ठी

"आई, अजून ॲक्रोपोलिसची टेकडी बाकी आहे. त्या काचेला काय चिकटलीयेस?"

लेकीचं बरोबरच होतं. मी संग्रहालयातल्या त्या एका कपाटापाशी अर्धा तास तरी उभी होते. आत सोनं नव्हतं की मूर्ती नव्हती. कपाशीच्या बोंडाएवढ्या काशाच्या चकत्या होत्या, प्रत्येकीच्या मधोमध आरपार एक छोटा दांडा. मुलांच्या खेळातल्या भोवऱ्यासारख्या. काहींचा दांडा पोकळ, काहींचा भरीव. या अथेन्सच्या न्यायालयातल्या मतपत्रिका, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, म्हणजे इलेक्शन ड्युटी आलीच. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत, काहीही चुकलं नाही. साहित्य ताब्यात घ्या, मोजा, सही करा, एसटीत बसा, शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपा, पहाटे उठून मॉक पोल घ्या. त्यामुळे लोकशाही म्हटलं की मला भाषणं आठवत नाहीत, लाख आणि दोरा आठवतो. आणि इथे समोर साहित्यच मांडून ठेवलेलं.

युक्ती अशी. पंचाला दोन चकत्या मिळायच्या, पोकळ दांड्याची फिर्यादीच्या बाजूची, भरीव दांड्याची आरोपीच्या. दांड्याची दोन्ही टोकं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली की कोणती कोणती ते शेजाऱ्याला कळत नाही. जी मोजायची ती काशाच्या भांड्यात, उरलेली लाकडी भांड्यात. मी तिथल्या तिथे पर्समधून दोन नाणी काढून चिमटीत धरून बघितली. गुप्त मतदानासाठी पुठ्ठ्याचा आडोसा उभा करण्यात आमचे किती तास गेलेत! यांनी आडोसा बोटांतच बसवला.

हे सगळं आहे अगोरात, जुन्या अथेन्सच्या चौकात. मोनास्तिराकी स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. गंमत म्हणजे मेट्रोची एक लाइन अगोराच्या उत्तर कडेनेच जाते, त्यामुळे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दगडांमधून फिरताना मधूनमधून गाडीची धडधड ऐकू येते. संग्रहालय अट्टालसच्या लांबलचक ओसरीत आहे. १९५०च्या दशकात ती पुन्हा पहिल्यासारखी बांधून काढली. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत मस्त गार.

दुसऱ्या कपाटात एक संगमरवरी शिळेचा तुकडा. त्यावर आडव्या बारीक खाचांच्या उभ्या रांगा. ह्याला म्हणतात क्लेरोटेरिऑन. ज्यांना पंचाचं काम हवं ते आपलं नाव कोरलेली काशाची पट्टी घेऊन यायचे. पट्ट्या खाचांत बसवायच्या. शिळेच्या कडेला एक नळी, तिच्यात वरून पांढऱ्या-काळ्या गोट्या मिसळून टाकायच्या. खालून एकेक गोटी सोडायची. पांढरी आली की ती अख्खी आडवी ओळ आज पंच, काळी आली की ती ओळ घरी.

आपल्याकडे दोघांना सारखी मतं पडली की शेवटी ईश्वरचिठ्ठी काढतात, एखाद्या लहान पोराला बोलावून. माझ्या केंद्राच्या गावातच एकदा सदस्य असा ठरला होता, आणि हरलेला वर्षभर त्या पोराच्या बापाशी बोलत नव्हता. आपल्या लेखी चिठ्ठी म्हणजे नाइलाज. अथेन्सवाल्यांच्या लेखी चिठ्ठी हाच लोकशाहीचा खरा मार्ग. मत देऊन निवडायचं तर नाव असलेला, पैसा असलेला, बोलघेवडाच निवडून येणार, असं त्यांना वाटे. ॲरिस्टॉटलही हेच नोंदवतो: चिठ्ठी लोकशाहीची, निवडणूक मूठभरांच्या राजवटीची. मतदान त्यांनी ठेवलं ते सेनापतींसाठी, दरवर्षी दहा. लढाईत चिठ्ठी चालत नाही, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं. अथेन्सचा गाजलेला पुढारी पेरिक्लीस वर्षानुवर्षं निवडून आला तो ह्याच पदावर.

पाचशे जणांची सभा मात्र चिठ्ठीची. तिची घडी बसवली क्लेइस्थेनीस नावाच्या पुढाऱ्याने, इसवी सनापूर्वी ५०८च्या सुमारास. त्याआधी सोलोन ह्या कायदेकर्त्याने ५९४मध्ये कर्जापायी गुलाम होण्याची पद्धत बंद केली होती, पण गावावर पकड भावकीचीच. क्लेइस्थेनीसने जुने चार गट मोडून दहा केले, आणि प्रत्येक गटात थोडा शहराचा भाग, थोडा किनाऱ्याचा, थोडा आतल्या मुलखाचा. म्हणजे भावकी एका जागी जमायलाच नको. माणसाची ओळख बापाच्या नावाऐवजी त्याच्या गावाने व्हावी असाही प्रयत्न झाला. आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांना तो खूश झाला असता.

दहा गटांतून पन्नास-पन्नास. एकेक गट वर्षाचा दहावा भाग कारभार बघणार. त्यांची जेवायची गोल इमारत, थोलोस, हिचा पाया अगोरात दिसतो. नुसतं दगडी वर्तुळ आहे, लोक फोटोही काढत नाहीत. पन्नासांतले एक तृतीयांश रात्रंदिवस इथेच मुक्कामाला. (सतरंजी!) त्यांच्यातून रोज चिठ्ठीने एक प्रमुख. एक दिवस आणि एक रात्र खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी दुसरा. आयुष्यात एकदाच. सॉक्रेटिसच्या वाट्याला तो दिवस ४०६मध्ये आला असं त्याचा शिष्य झेनोफन सांगतो. आठ सेनापतींचा एकगठ्ठा निकाल लावायला लोक चवताळले होते. हे कायद्यात बसत नाही म्हणून त्याने ठराव मताला टाकायला नकार दिला. लोकांनी त्याला जुमानलं नाही. हाताशी होते त्या सहा जणांना मारलं आणि नंतर पस्तावले. सात वर्षांनी चिठ्ठीने निवडलेल्या पंचांनीच सॉक्रेटिसलाही विषाचा प्याला दिला.

खापऱ्यांचं कपाटही तिथेच. एखादा डोईजड झाला की मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरायचं. सहा हजार खापऱ्या जमल्या तर दहा वर्षं हद्दपार. इराण्यांविरुद्धची सालामिसची लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीससुद्धा गेला. ॲक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या, आणि अक्षर बघावं तर अवघ्या चौदा जणांचं. म्हणजे आयत्या लिहून वाटायला ठेवलेल्या. मतदारांना घरपोच चिठ्ठ्या वाटणारी पोरं आठवून मी मोठ्याने हसले आणि लेकीने माझा हात ओढला.

ॲक्रोपोलिस बघितलं. सुंदर आहे. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

संध्याकाळी पनिक्सच्या टेकडीवर गेलो. इथे लोकसभा भरायची, खरीखुरी, सगळ्या लोकांची. उतरता माळ, आणि वरच्या बाजूला खडकातच कोरलेला पायऱ्यांचा ओटा. नामांकित वक्ता डेमोस्थेनीस इथून बोलला. समोर ॲक्रोपोलिस सोनेरी झालेलं. सुरुवातीला इथे सहाएक हजार माणूस मावायचं, आणि महत्त्वाच्या ठरावांना तेवढा कोरम लागायचा. लोक चौकात गप्पा छाटत बसायचे, म्हणून लाल रंगात भिजवलेली दोरी दोन्हीकडून धरून त्यांना इकडे हाकत आणत. कपड्याला डाग पडला की दंड. त्या काळच्या एका विनोदी नाटकात ह्याची टिंगल आहे. पुढे ४००च्या आसपास हजेरीचा भत्ताच सुरू केला, आधी एक ओबोल (तिथलं छोटं नाणं), मग तीन. दोरी धरणारे शिपाई म्हणजे राज्याच्या मालकीचे गुलाम. त्यांना मत नव्हतं. बायकांना नव्हतं. आईबाप दोघेही अथेन्सचे नसतील तर नव्हतं, हा नियम पेरिक्लीसचाच, ४५१चा. चिठ्ठीचं मर्म लिहून ठेवणारा ॲरिस्टॉटल स्टागिराचा, म्हणजे उपरा, त्यालाही नव्हतं.

"म्हणजे तुला इथे ड्युटी लागली नसती," लेक म्हणाली.

"भत्ताही बुडला असता."

खडक गुळगुळीत आहे, चपला घसरतात. मी खाली बसूनच राहिले. आठवड्याभरात आमच्या सोसायटीची सभा होती आणि सचिवाचे कोरमसाठी तीन मेसेज आले होते. तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली, बंद व्हायची वेळ झाली. तो दोन्ही हात पसरून सगळ्यांना फाटकाकडे हाकत खाली आणत होता.