एका गाण्यापुरते

भाजी निवडताना सध्या माझ्या कानात १९६६ सालची अमेरिका असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पींची, फुलंबिलं माळलेली नव्हे. त्याआधीची, बापाची गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये ड्रम मांडून रॉक वाजवणाऱ्या पोरांची. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स टीव्हीवर दिसले, सात कोटींवर लोकांनी पाहिले, आणि गल्लोगल्ली गिटारी खरखरू लागल्या. तीन कॉर्ड, गिटारचा आवाज खरखरीत करणारं एक फझ पेडल, एक किरकिरा ऑर्गन. एखादी सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, निघायची, आसपासच्या रेडिओवर वाजायची, की कारभार आटोपला. मग कॉलेज, नोकरी, नाहीतर सैन्यभरतीचं बोलावणं. सॅन होजेच्या काउंट फाइव्ह या बँडमधली पोरं स्टेजवर ड्रॅक्युलाचे झगे घालायची. त्यांचं ‘सायकॉटिक रिअ‍ॅक्शन’ देशभर गाजलं, आणि पोरं कॉलेजात परतली! हे वाचून मला उगाचच हायसं वाटलं.

ही गाणी रद्दीतच जायची. १९७२ मध्ये लेनी के या संगीतावर लिहिणाऱ्या गिटारवाल्याने त्यातली सत्तावीस वेचून इलेक्ट्रा कंपनीसाठी ‘नगेट्स’ हा दोन रेकॉर्डींचा संच केला. गाणी जेमतेम पाच-सात वर्षांची. पण तोवर रॉक फार शहाणं झालं होतं, गिटारचे सोलो संपता संपत नसत. के स्वतःही १९६६ मध्ये लिंक क्रॉमवेल या नावाने एक सिंगल काढून मोकळा झाला होता. म्हणूनच त्याची निवड मला इतिहासकाराची वाटत नाही. आपल्याच वर्गातल्या मुलांना हाक मारल्यासारखी वाटते. पुढे ऱ्हायनो कंपनीने १९९८ मध्ये त्याच नावाने चार सीडींत ११८ गाणी भरली. खरं सांगायचं तर ती मी सलग कधीच ऐकू शकलो नाही. सगळ्यांनाच रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर व्हायचं असतं, आणि तिसऱ्या सीडीपर्यंत कान विटतात.

पण मध्येच टेक्सासचे थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स येतात. त्यांच्यातला टॉमी हॉल सुरईसारख्या एका भांड्याच्या (इंग्रजीत ‘जग’) तोंडाशी माइक धरून आत आवाज काढायचा. गाणं साधंच, प्रेमभंगाचं. पण त्याच्याखाली हे गुडगुड-गुडगुड अखंड चालू. विहिरीत वाकून ओरडावं आणि विहिरीने आपल्यालाच वेडावावं, तसं. आईला एकदा हौसेने एक इअरबड दिला. तिने डोळे मिटून, मन लावून ऐकलं आणि उठायला लागली.

“नळ बघ आधी,” म्हणाली, “पाणी यायचं दिसतंय.”