तुम्ही विचारलंत म्हणून: ॲग्रीमेंट झालं, आता काय?

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीची मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. इमारत सिडकोनेच, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, बांधलेली. रिसेलचा फ्लॅट घेणारी माणसं कागदांसाठी घरी येतात आणि उठता उठता हमखास विचारतात, "काकू, रजिस्ट्रेशन झालं. आता चावी मिळेपर्यंत काही करायचं राहिलंय का?"

बरंच राहिलेलं असतं. आणि माझ्या मते याच दिवसांत सगळ्यात जास्त जागं राहायला हवं.

इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा, हातात आला की अक्षर न् अक्षर वाचा. नाव, फ्लॅट नंबर, सेक्टर, क्षेत्रफळ. चूक आत्ता सापडली तर विकणाऱ्याला सोबत घेऊन दुरुस्तीचा दस्त करता येतो. पैसे घेऊन तो गावी गेला की त्याच्या एका सहीसाठी तुम्हाला गाडी पकडावी लागते.

व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) कापून भरायची जबाबदारी तुमची, विकणाऱ्याची नाही. ८० लाखांच्या फ्लॅटला ८०,००० रुपये. ज्या महिन्यात रक्कम कापली तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचे. उशीर झाला की व्याज लागतं आणि वर दिवसाला २०० रुपये. तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेलाही हे आधीच सांगा, नाहीतर ती विकणाऱ्याला पूर्ण रक्कम देऊन मोकळी होते. आणि कर्जाचे पैसे सुटेपर्यंत नवी गाडी, हप्त्यावरचं फर्निचर, नोकरी बदलणं, सगळं थांबवा.

विकणाऱ्याच्या घरावर आधीचं कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. कर्ज फिटल्यावर ते ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेकडे तगादा त्यानेच लावायचा, पण त्याच्यामागे तुम्ही लागा.

आता सिडको. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे, म्हणून आमच्यासारख्या इमारतीत फ्लॅट सिडकोच्या दप्तरीही तुमच्या नावावर व्हावा लागतो. त्याची परवानगी, त्याचे ट्रान्सफर चार्जेस. आमच्याच इमारतीतल्या एका जोडप्याने रजिस्ट्रेशन केलं, सोसायटीत नाव लावलं आणि सिडकोचं "नंतर बघू" म्हणून सोडून दिलं. मुलीच्या शिक्षणासाठी घर विकायला काढलं तेव्हा कळलं, तिथे अजून आधीच्या मालकाचंच नाव आहे. ते गृहस्थ वारले होते. त्यांच्या दोन्ही मुलांना गाठून सह्या मिळेपर्यंत वर्ष गेलं, गिऱ्हाईक गेलं. त्या बाई माझ्या डायनिंग टेबलाशी बसून फाईल पुन्हा पुन्हा चाळत होत्या, दोन कागद चिकटलेत का म्हणून बोटाने सोडवून बघत होत्या. मला त्यांच्यासमोर चहाचा कपसुद्धा ठेववेना.

पैसे पूर्ण देण्याआधी फ्लॅट एकदा रिकामा बघा, जमलं तर पावसात. सामान असताना कपाटामागची ओल दिसत नाही. मग खाली मीटररूममध्ये जाऊन वीजबिलावरचा मीटर नंबर ताडून बघा. आमच्याकडे समोरासमोरच्या दोन घरांचे मीटर अदलाबदल झालेले होते आणि दोघं कितीतरी महिने एकमेकांचं बिल भरत होते. मेंटेनन्स आणि मालमत्ता कराच्या शेवटच्या पावत्या मागून घ्या. शेवटचा चेक चावी आणि मूळ शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीतल्या शेअरचा दाखला, हातात आल्यावरच द्या.

ते शेअर सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे या. ट्रान्सफर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये. प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नावावर करताना सोसायटी वर घेते ती रक्कम, २५,००० रुपयांच्या वर कुठलीही सोसायटी मागू शकत नाही, मागितला तर ठरावाची प्रत मागा. सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात तुमचं नाव चढतं, आमच्या सह्या होतात, शिक्का बसतो. कमिटीची मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, अर्ज तेवढा आठवडाभर आधी आणून द्या. नॉमिनेशनचा फॉर्मही त्याच दिवशी भरून घेईन.